गोधडीचा घास

कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमच्या घरात अबोला झाला होता असं सांगितलं की पुण्याकडचे पाहुणे हसतात. लोणावळ्यातलं कुणी हसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात कोरडा टॉवेल ही चैन असते. भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते, मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो. अशा गावात पत्र्याच्या शेडखालची दोरी म्हणजे घरातली सगळ्यात मोक्याची जागा.

आमचं घर दुमजली. वर मी आणि माझा नवरा, खाली दीर आणि धाकटी जाऊ. शेड मागच्या अंगणात, दोघींत मिळून एकच. त्या वर्षी मी माझी गोधडी दोरीवर टाकून बाजारात गेले. परत आले तर गोधडी अर्धवट ओली, घडी घालून खुर्चीवर ठेवलेली, आणि दोरीवर ओळीने पाच जीन्स. धाकटीच्या माहेरचे पाहुणे आले होते. हौसेने धरणावर भिजून आले होते आणि आता त्यांना संध्याकाळी परत जायचं होतं. गोधडीवर पुढच्या आठवड्यात काळे ठिपके उठले, ते आजतागायत गेलेले नाहीत. मी तेव्हा काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती काय बोलली तेही लिहीत नाही, कारण ते जास्त लागणारं होतं. मग दोघीही बोलायच्या थांबलो, आणि बघता बघता तीन पावसाळे गेले.

अबोला पाळणं हे मेहनतीचं काम आहे. आमचे नवरे सख्खे भाऊ, ते रोज सकाळी ओट्यावर एकत्र चहा प्यायचे, त्यांना याचं काही नव्हतं. आम्ही दोघी मात्र भिंतींशी बोलायचो. "पाण्याची मोटर चालू राहिलीय कुणाची तरी," असं मी जिन्यातून मोठ्याने म्हणायचे. घरात मोटर एकच होती. खालून उत्तर यायचं, "ज्यांनी लावली त्यांनी बंद करावी." ते उत्तरही मला नसायचं, ते कुंडीतल्या तुळशीला असायचं.

माझा स्वभाव मऊ नाही, हे मला मान्य आहे. मी देहूरोडला संरक्षण खात्याच्या डेपोत नोकरी केली, तंबूंची शिलाई तपासायची. टाका तिरका गेला की तंबू बाजूला. सबब ऐकून घ्यायची नाही. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. लग्नाला गेले तरी मी आधी मांडवाच्या कापडाची शिवण बघते. त्यामुळे दोन गल्ल्या सोडून राहणारी शाळेतली तरुण शिक्षिका जेव्हा म्हणाली, "काकू, आपण गोधडीचा ग्रुप करू या का?" तेव्हा मला वाटलं, हिला माझ्यासारखं कुणीतरी शिकवायला हवंय. मी लगेच हो म्हणाले.

पहिल्या बैठकीला गेले तर सतरंजीवर धाकटी आधीच बसलेली.

तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. मी उठून गेले असते तर ती जिंकली असती, आणि ती उठली असती तर मी. म्हणून दोघीही राहिलो. चौथी बाई म्हणजे टाकवे बुद्रुकच्या मावशी. त्यांची मुलगी शिक्षिकेच्या शेजारी राहते. मावशी तिच्याकडे चार दिवस म्हणून आल्या होत्या आणि मग येत-जात राहिल्या. त्यांनी आयुष्यात किती वाकळी शिवल्या असतील त्याचा हिशेब त्यांनाही नाही. गोधडीला त्या वाकळच म्हणतात आणि आम्ही गोधडी म्हटलं की तोंडाला पदर लावून हसतात.

शिक्षिकेची कल्पना अशी होती. प्रत्येकीने मधला एक तुकडा करायचा, ओंजळभर आकाराचा. तो पुढच्या बाईला द्यायचा. तिने त्याला चारी बाजूंनी आपल्या मनाने एक पट्टी जोडायची आणि पुढे द्यायचा. असा एकेक फेर वाढत वाढत गोधडी परत मालकिणीकडे येईल. शेवटचा फेर तिचा, मग अस्तर लावायचं आणि दोरे घालायचे. नियम तीनच. आधीपासून काही ठरवायचं नाही. टेप लावून मोजायचं नाही. आणि दुसरीने शिवलेलं उसवायचं नाही, त्याबद्दल तक्रारही करायची नाही.

"मोजायचं नाही?" मी विचारलं.

"डोळ्यांनी मोजायचं, काकू. जे होईल ते होईल."

जे होईल ते होईल, असं म्हणणाऱ्या माणसांचे तंबू मी आयुष्यभर परत पाठवले होते. पण धाकटी मान डोलावत होती, म्हणून मीही डोलावली.

अडचण काढली ती मावशींनी. त्या कापडाचा तुकडा हातात धरून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आमी कडंनं सुरू करतो आन् फिरत फिरत मधी येतो. तुमी मधनं निघून कडंला चाल्लाय. मंग घास कुटं घालायचा?"

शिक्षिकेला काही कळेना. मावशींनी समजावलं. वाकळीचे दोरे घालत आत आत यायचं, शेवटी मधोमध बोटभर तोंड उरतं. ते शिवायच्या आधी आत घास घालायचा. तांदळाचे चार दाणे, न्हाईतर भाकरीचा तुकडा. वाकळीचं पोट रिकामं ठेवलं तर पांघरणाऱ्याचंही रिकामं राहतं. "उपाशी वाकळ घेऊन कुनी झोपंल का? ऊब येत न्हाई तिला." आता आमची गोधडी मधून सुरू होणार आणि कडेला संपणार, म्हणजे तिचं पोट पहिल्याच दिवशी बंद होणार. मावशींना हे काही पटेना. त्या पिशवी आवरून उठायच्या बेतात होत्या.

शिक्षिका वर्ग सांभाळणारी बाई, तिने लगेच तोडगा काढला. प्रत्येकीने आपल्या फेरात, एखाद्या तुकड्याखाली, आपला घास घालायचा. म्हणजे गोधडी सगळ्यांच्या हातचं जेवेल. मावशी थोडा विचार करून म्हणाल्या, "व्हय, ते चालंल." आणि परत मांडी घालून बसल्या.

मला हा सगळा प्रकार खुळचट वाटला. कापडात धान्य गेलं की किडे आलेच, हे मी पगार घेऊन शिकले आहे. मी घास घालणार नव्हते, आणि तसं सांगणारही नव्हते.

मग शिक्षिकेने फेराचा क्रम लावला. तिला आमच्या अबोल्याची गंधवार्ता नव्हती. ती म्हणाली, "काकू, तुमच्याकडून पुढे तुमच्याच घरात खाली द्यायचं. किती सोपं आहे." म्हणजे मी जे काही शिवेन ते थेट धाकटीच्या हातात जाणार. मावशी गालातल्या गालात हसल्या. त्यांना मुलीकडून सगळं कळलेलं असणार.

होळी झाली आणि आमचा फेर सुरू झाला. बैठक मंगळवारी, कारण शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी गाव असं तुंबतं की चालत जाणारीलाही वाट मिळत नाही. मी माझा मधला तुकडा केला. पांढरा आणि निळा, काटकोनात. टेप लावला नाही, पण ओट्याच्या फरशीवर ठेवून बघितला, त्याला कुणी बंदी केली नव्हती. तो पिशवीत घालून खाली गेले, पिशवी धाकटीच्या दाराच्या कडीला अडकवली आणि कडी जरा वाजवून वर निघून आले. पुढचे सगळे फेर असेच गेले. कडी वाजायची, दार उघडायचं, पिशवी आत जायची.

बैठकीत बाकीच्या दोघी बोलायच्या आणि आम्ही दोघी त्यांच्याशी बोलायचो. मी शिक्षिकेला म्हणायचे, "काही लोकांना शिवताना कापडाचा ताणा-बाणा कळत नाही." धाकटी मावशींना म्हणायची, "काही लोक गोधडीसुद्धा इस्त्री करून पांघरतात." मावशी सुई ओवत दोघींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "लय छान चाल्लंय." शिक्षिकेला वाटायचं, त्या गोधड्यांबद्दल म्हणताहेत.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मावशींचा तुकडा माझ्याकडे आला तेव्हा त्याला मी करड्या रंगाची पट्टी लावली, चारी बाजूंनी सारखी. तो धाकटीकडे गेला. पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर उलगडला, तर माझ्या करड्या पट्टीला लागून तिने भोपळी रंगाच्या सॅटिनचे तिरके तुकडे लावलेले, एक इकडे तोंड केलेला, एक तिकडे. "हे कुणीतरी फार झोपाळू केलं होतं, म्हटलं जरा जागं करावं," असं ती शिक्षिकेला म्हणाली. मला राग यायला हवा होता. पण शेजारी ते भोपळी तुकडे आल्यावर माझा करडा रंग खरंच बरा दिसत होता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

श्रावणातल्या एका मंगळवारी शिक्षिका चहा गाळता गाळता म्हणाली, "दिवाळीनंतर एक पिशवी सोमाटण्याला पोचवावी लागेल, नाही का? म्हणजे पुढच्या गोधड्यांचा फेर थांबायला नको."

"सोमाटण्याला कोण आहे?" मी विचारलं.

धाकटी खाली मान घालून दोऱ्याची गाठ सोडवत बसली होती. दोऱ्याला गाठ नव्हती, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, धाकट्याच्या दम्यामुळे. हिवाळा-पावसाळा त्याचा जीव घुसमटतो इथल्या ओलीत. त्यांच्या पोराने सोमाटण्याला फ्लॅट घेतलाय, तिकडेच राहणार आता. तुला माहीत नव्हतं? मला वाटलं ती सांगेल तुला."

"ती मला सांगेल?"

"हो, ते पण आहे," असं म्हणून त्याने पेपर उघडला.

मला त्या रात्री राग आला आणि रागाच्या खाली चक्क भीती होती. एका घरात राहून न बोलण्यात तशी सोबत असते. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी वरून मोजत असे. तिसरी झाली की मीही गॅस बारीक करायचे. ती खोकली की कळायचं, हसली की कळायचं. आता ती गेली की खालचं दार बंद होणार, आणि मग अबोला कुणाशी धरणार? पुढे लग्नाकार्यात हॉलच्या दोन टोकांना बसायचं, फोटोला दोन बाजूंना उभं राहायचं, आणि एक दिवस कुणीतरी फोन करून काहीतरी सांगायचं. दिवाळीच्या आत आम्ही बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नव्हतो. हे मला कळत होतं, आणि आपण थोरल्या आहोत, आपण आधी का बोलायचं, हेही डोक्यातून जात नव्हतं. माणूस दोन्ही गोष्टी एका वेळी धरून बसू शकतं. मी बसले होते.

त्याच मंगळवारी तिची गोधडी माझ्या फेराला आली होती. तिच्या मधल्या तुकड्यात भगव्या पडद्याचं कापड होतं, त्यावर हिरवा ठिपका, नेमका मध्यावर नसलेला. भोवती मावशींचा बारीक तुकड्यांचा फेर, मग शिक्षिकेचा फुलाफुलांचा. आता माझा, आणि माझ्यानंतर ती तिच्याकडे परत जाणार. म्हणजे तिला काही सांगायचं असेल तर हीच जागा होती. आता कापडात काय सांगणार, तेही मला सुचेना. मी कपाट उपसलं. माझ्या एका चांगल्या जांभळ्या साडीचे काठ काढले. ती साडी तिला आवडायची, निदान पूर्वी आवडायची. तीन बाजू झकास झाल्या. चौथीला काठ वीतभर कमी पडला.

मी टेप लावला असता तर हे झालं नसतं, हे मी स्वतःला दहादा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी पिशवी द्यायची होती. साडीचा आणखी काठ नव्हता. हाताशी नवऱ्याचा जुना निळा शर्ट होता, त्याचा छातीवरचा तुकडा वीतभर भरत होता. मी कापला, जोडला आणि मग लक्षात आलं की खिसा तसाच राहिलाय. उसवायला गेले तर खालचं कापड विरलेलं, फाटायला लागलं. ठेवला तसाच. गोधडीला खिसा. डेपोतल्या माझ्या साहेबांनी हे पाहिलं असतं तर माझं पेन्शन थांबवलं असतं. पिशवी कडीला अडकवली आणि नेहमीपेक्षा लवकर जिना चढून वर आले.

गणपती झाले. माझी गोधडी तीन फेर फिरून माझ्याकडे परत आली होती. ती मी पलंगावर पसरली. माझ्या शिस्तीच्या निळ्या-पांढऱ्या चौकोनाला लागून पहिला फेर धाकटीचा होता. पोपटी, आंबा रंगाचा, एक कोपरा दुसऱ्यावर चढलेला, शिवण नागमोडी. पुढे मावशींचा, मग शिक्षिकेचा. मी माझा शेवटचा फेर लावला, खाली जुनी मऊ लुगडी आणि अस्तर घातलं आणि मधून दोरे घालायला लागले. धाकटीच्या फेरात शिरले तर एका पोपटी तुकड्याखाली सुई कट्‌कन अडली. आत काहीतरी टणक होतं. मला वाटलं, जाड शिवण असेल, हिची शिवण अशीच. मी अंगठ्याने जोर लावून सुई पार केली आणि पुढे गेले.

ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली. त्यातच एका सकाळी नवरा उठून पाठ खाजवत म्हणाला, "तुझी गोधडी मला चावली."

पलंगावर मुंग्या होत्या. खिडकीच्या फटीतून निघालेली सरळ रांग, भिंतीवरून उतरून पलंगाच्या पायावरून थेट गोधडीत, त्या पोपटी तुकड्यापाशी. तुकडा चिकट, तपकिरी झालेला. मी कात्रीच्या टोकाने चार टाके उसवले. नियम मोडत होते, पण मुंग्यांनी नियम मान्य केलेले नव्हते. आतून निघाली चिक्की. शेंगदाण्याची, गुळाची, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली. प्लास्टिकला सुईचं भोक होतं आणि त्यातून सगळा गूळ पाझरला होता.

माझं डोकं फिरलं. मला साखरेचं दुखणं लागून वर्ष झालं होतं, डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलं होतं. आणि हिने माझ्या अंथरुणात चिक्की शिवून ठेवली होती. एवढा डूख, जीन्सवरून? मी गोधडी खांद्यावर टाकली आणि जिना उतरले. कडी वाजवली नाही. दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात गेले. तीन पावसाळ्यांत त्या घरात माझं पाऊल पडलं नव्हतं. धाकटी कणीक मळत होती. कोपऱ्यात सामानाची खोकी बांधून ठेवलेली होती.

"मुंग्या झाल्यात," मी म्हणाले.

तिने वर पाहिलं. परातीतले हात तसेच राहिले. "कुठे?"

"माझ्या अंथरुणात. ह्यांची पाठ फोडून काढली."

"अगं बाई. उघडली का ती?" ती म्हणाली. "मी तर नीट गुंडाळली होती."

"सुई गेली त्यातून."

"जोर लावला असणार तुम्ही."

हे खरं होतं म्हणून मी विषय बदलला. "गोधडीत कुणी चिक्की घालतं का?"

"मावशी म्हणाल्या ना, घास घाला."

"चार दाणे म्हणाल्या त्या. तांदळाचे."

"तांदूळ तुम्हाला कुठे आवडतात," ती म्हणाली आणि परत कणीक मळायला लागली. "घास द्यायचा तर आवडीचा द्यावा. चिक्कीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय तुम्ही कधी लोकल पकडली नाहीत. आता डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलंय. गोधडीचं कुणी बंद केलंय?"

मी खांद्यावरची गोधडी खाली घेतली. मला रडू येत होतं आणि मुंग्या मानेवर चढत होत्या.

"तुला कुणी सांगितलं, माझं गोड बंद झाल्याचं?"

"सांगायला कशाला हवं. साखरेचा मोठा डबा घासून तुम्ही गॅलरीत पालथा घातलात, तो परत आत गेला नाही. आणि भाऊजी रोज दोनदा आमच्याकडे येऊन गोड चहा पितात."

नवऱ्याचा समाचार नंतर घ्यायचा ठरवून मी खोक्यावर बसले. ती हात धुऊन आली आणि गोधडीचा तो कोपरा उजेडात धरून बघायला लागली. मी तिच्या केसांकडे बघत होते. पुढून पांढरे झाले होते. मंगळवारी समोर बसूनही मी तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

"तुमच्या खिशात मीही हात घालून बघितला होता," ती वर न बघता म्हणाली. "गोधडी आली तेव्हा. म्हटलं, खिसा ठेवलाय म्हणजे आत काहीतरी ठेवलं असणार. दोनदा बघितलं. उलटा करून बघितला."

त्या खिशाचं असं काही होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. काठ कमी पडला म्हणून तो आला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती खिसा उलटा करून बघते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मला फार वाईट वाटलं.

"आता घालते," मी म्हणाले. "सांग, तुला काय आवडतं?"

विचारलं आणि माझं मलाच कानकोंडं झालं. इतकी वर्षं एका घरात. हिच्या डोहाळजेवणाला मी राबले, आजारपणात डबे केले, हिच्या कुकरच्या शिट्ट्या मला पाठ. आणि हिला काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. कधी विचारायची वेळच आली नव्हती, कारण थोरलीने जे रांधलं ते धाकटीने खाल्लं.

ती हसली. मोकळं हसली, तोंडाला हात न लावता. "पिठलं," ती म्हणाली. "पातळ. ताटात पळतं तसं. तुमच्या हातचं."

"ते खिशात कसं घालायचं?"

"खिशात नकाच घालू. डब्यात घालून सोमाटण्याला या."

दुपारी आम्ही दोघींनी मिळून तो चिकट तुकडा गरम पाण्याने धुतला. तिने वरून नवा तुकडा लावला. शिवण अशी वाकडी मारली की बघवेना, मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "मग तुम्ही मारा." मी म्हणाले, "राहू दे." पुढच्या मंगळवारी बैठकीत आम्ही एकमेकींशी बोलायला लागल्यावर शिक्षिका एकदम गोंधळून गेली. आधी आम्ही बोलत नव्हतो हेच तिच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मावशींना मात्र घास म्हणून कुणी चिक्की घातली हे ऐकून धक्काच बसला. "आवो, गूळ घालत्यात व्हय कुटं? उंदरं लागत्याल. आता माझ्या वाकळीत काय घातलंय ते सांगा बाई," असं म्हणून त्यांनी आपल्या गोधडीचा तुकडान् तुकडा चाचपून बघितला. धाकटी त्यांना काही सांगेना.

दिवाळी झाली आणि टेम्पो आला. तो जाईपर्यंत मी ठीक होते. संध्याकाळी कुकर लावला आणि खालून शिट्टी आली नाही तेव्हा मात्र जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पिठलं केलं, भाकऱ्या बांधल्या, तळेगावपर्यंत लोकलने आणि पुढे रिक्षाने सोमाटण्याला गेले. हवा कोरडी, उन्हात धूळ, बाल्कनीत चार दोऱ्या आणि त्यातल्या तीन रिकाम्या. दिराचा खोकला निम्म्यावर आला होता. तिची गोधडी सोफ्यावर पसरलेली होती आणि खिशात टीव्हीचा रिमोट होता. "सापडतो पटकन," दीर म्हणाले.

धाकटीने डबा उघडला, ताटात ओतलं, ते पळालं तसं भाकरीने अडवलं. पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ कमी आहे, ताई."

"मीठ बरोबर आहे. तुझी जीभ बिघडलीय."

"जीभ कशाने बिघडेल? तुम्हाला आता सगळंच फिकं लागतं म्हणून तुम्ही कमी घालता."

मग आम्ही भांडलो. मिठावरून सुरू झालो ते तिच्या वाकड्या शिवणीवर गेलो, तिथून माझ्या इस्त्रीवर, मग जीन्सवर. कोण त्या दिवशी काय बोललं होतं ते तिने अक्षरन् अक्षर काढलं. माझ्याही सगळं ध्यानात होतं, मीही काढलं. दीर हळूच उठून खाली फिरायला गेले. ती बोलता बोलता पिठलं खात होती, बोटं चाटत होती, मला खोडून काढत होती. ऊन बाल्कनीतून सरकून भिंतीवर गेलं. लोकलची वेळ व्हायला आली म्हणून मी रिकामा डबा पिशवीत घालून उठले, तर तिने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बसा हो," ती म्हणाली. "अजून माझं व्हायचंय."